एका सावलीतले भाडेकरू

मागच्या महिन्यात पुतण्याचा मुलगा घरी आला. हातात झेरॉक्सची चार पानं. तो आणि त्याचे दोन मित्र मिळून कोरेगावात स्टँडजवळ एक गाळा भाड्यानं घेणार आहेत. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका काढायची आहे. भाडं महिना १२,००० रुपये, मुदत पाच वर्षं. "आबा, तुम्ही शाळेत शुद्धलेखन तपासायचात ना, हे एकदा नजरेखालून घाला," असं म्हणून त्यानं कागद पुढं ठेवला.

शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या, त्या मी खुणा करून दिल्या. पण पान तीनवर एका वाक्याशी अडलो. 'भाडेकरू क्रमांक एक ते तीन हे भाड्यास संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार राहतील.' याचा अर्थ काय, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "म्हणजे तिघांनी चार-चार हजार भरायचे."

मित्रहो, या वाक्याचा अर्थ नेमका उलटा आहे. पोरगा समजतोय की पाच वर्षांत आपल्या अंगावर जास्तीत जास्त २,४०,००० रुपये येतील. कागद म्हणतो, वेळ आली तर ७,२०,०००. दोघे मित्र उद्या पुण्याला नोकरीला निघून गेले, तर मालक या एकट्याच्या दारात उभा राहील आणि सगळं भाडं मागेल. त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

हे मला इतक्या चटकन कळलं, याचं कारण मी कायदा शिकलोय असं नाही. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. कारण वेगळंच आहे, आणि ते आमच्या घरातल्या जुन्या ट्रंकेत आहे. ते शेवटी सांगतो. मधल्या काळात कुतूहल म्हणून या एका वाक्याचा माग काढत गेलो, तो कुठल्या कुठं जाऊन पोचला, ते आधी सांगतो.

मला वाटायचं, ही कलमं इंग्रजांनी आणली. तर तसं नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत जामिनांबद्दलचा नियम आहे. एका कर्जाला अनेक जण जामीन राहिले असतील, तर प्रत्येकानं आपापल्या वाट्यापुरतं द्यावं. इथवर आपल्या पोराचंच म्हणणं झालं! पण पुढं स्मृतिकार म्हणतात की ते सगळे 'एकच्छाया' असतील, म्हणजे एका सावलीत उभे असतील, तर सावकारानं आपल्या मर्जीला येईल त्याच्याकडून सगळं वसूल करावं. विज्ञानेश्वरानं मिताक्षरा ही या स्मृतीवरची टीका लिहिली, ती चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, म्हणजे अकराव्या शतकाची अखेर ते बाराव्याचा आरंभ या सुमारास, कल्याणला. हे कल्याण मुंबईजवळचं नव्हे, आजचं बसवकल्याण. तेव्हा कायद्याची ही गाठ आपल्याकडं नऊशे वर्षांहून जुनी आहे.

'एका सावलीत' या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. किती नेमका शब्द आहे पाहा. दोन माणसं वेगवेगळी उभी असली की दोन सावल्या पडतात आणि कुठली कुणाची ते सांगता येतं. एकमेकांना चिकटून उभी राहिली की एकच सावली पडते. मग सावकारानं ती कात्रीनं कापून वाटून का घ्यावी?

आता आपल्या मुलखाकडं येऊ. पेशवाई १८१८ साली गेली आणि कंपनी सरकारचे साहेब इथल्या जमिनीची पद्धत समजून घेऊ लागले. पुण्याचा कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन यानं १८२१ साली मोठा अहवाल लिहिला. गावातली जुनी मिरासी जमीन मूळ घराण्यांच्या नावानं विभागलेली होती. अशा एका घराण्याच्या समूहाला 'जथा' म्हणत. जथ्यातले भाऊबंद आपापली शेतं वेगळी कसत, पण सरकारचा सारा देण्याची जबाबदारी सगळ्या जथ्याची मिळून असे. एकाला जमलं नाही तर बाकीच्यांनी भरायचं. शेताचं नाव अजूनही एखाद्या आडनावावरून चालतं, पण ते आडनाव गावात आज एकही घर राखून नाही, असं आपल्याकडं दिसतं ना? त्यामागं अशा जुन्या थळांची आठवण असू शकते.

पण या ओझ्याबरोबर काही हातातही येत होतं. जथ्यातला एखादा निपुत्रिक वारला, की त्याची जमीन जथ्यातल्या लोकांत वाटली जाई. कुणाला जमीन विकायची असेल तर भाऊबंदांचं ऐकावं लागे. कोण आत येणार, हे बाकीच्यांना ठरवता येत होतं. आणि शेजारच्या भावकीचं पीक कसं आलंय, बैल आहेत की विकले, पोरीचं लग्न काढलंय का, हे सगळं रोज डोळ्यांसमोर. म्हणजे ज्याच्यासाठी उद्या भरावं लागेल, त्याची आज खबर असे.

गावात दुसऱ्या प्रकारचे कसणारेही होते, ते म्हणजे उपरी. बाहेरून आलेले, करारानं जमीन कसणारे. उपऱ्याची देणी त्याच्या करारापुरती. जमलं नाही तर तो गाव सोडून जाई. मिरासदाराला तसं सहज सुटता येत नसे, पण त्याचा हक्कही तसा सहज जात नसे. वर्षानुवर्षं परागंदा झालेला मिरासदार परत येऊन आपली जमीन मागू शके. थोडक्यात, मिरासदाराला बंधन आणि हक्क दोन्ही, उपऱ्याला दोन्ही कमी. आजचा दुकानभाडेकरू हा खरं तर उपरी. पण 'संयुक्तपणे व स्वतंत्रपणे' लिहिलं की त्याच्या डोक्यावर मिरासदाराचं ओझं येतं, आणि मिरास काही मिळत नाही!

इंग्रजांनी ही जथ्याची जबाबदारी मोडली. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरापासून जमिनीची नवी पाहणी सुरू केली. पुढं १८४७ साली त्याच्या पद्धतीचा संयुक्त अहवाल निघाला. दुसऱ्याच वर्षी, १८४८ साली, साताऱ्याचं राज्य खालसा झालं आणि यथावकाश ही रयतवारी आपल्याकडंही आली. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराला खातेदार, आकार तीस वर्षांसाठी ठरलेला. ज्याचं खातं त्याचा सारा. नको असेल तर राजीनामा देऊन नंबर सोडावा, दुसऱ्यानं कबुलायत लिहून घ्यावा. शेजाऱ्याचं देणं शेजाऱ्यावर. कष्टाळू माणसाला आळशी भावकीसाठी भरावं लागू नये, हा विचार त्यात होता आणि तो काही वाईट नव्हता. पण एकमेकांवर लक्ष ठेवण्याचं आणि अडीनडीला सावरून घेण्याचं कारणही त्याबरोबर पातळ झालं.

गंमत पाहा. जमिनीत ज्या सरकारनं एकत्र जबाबदारी मोडली, त्याच सरकारनं करारांत ती पक्की केली. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही चालू आहे. त्यातलं कलम ४३ असं की, दोन किंवा अधिक जणांनी मिळून वचन दिलं असेल आणि उलट काही स्पष्ट ठरलेलं नसेल, तर ज्याला वचन दिलं तो त्यातल्या कुणाही एकाकडून सगळं पुरं करून घेऊ शकतो. भाडेपट्ट्यावर दोघांच्या सह्या असल्या की हेच लागू. म्हणजे नातवाच्या कागदात ते वाक्य नसतं, तरी फारसा फरक पडला नसता!

मात्र कायदा तिथं थांबत नाही. ज्यानं सगळं भरलं, त्याला बाकीच्यांकडून त्यांचा वाटा मागता येतो. आणि एखाद्याकडून वाटा मिळालाच नाही, तर ती तूट उरलेल्यांनी सारखी सोसायची. कायद्यानं यासाठी उदाहरणादाखल हिशोब दिला आहे. जुन्या मास्तरला तो भलताच आवडला. तिघांनी मिळून ३,००० रुपयांचं देणं मान्य केलं. तिसऱ्याला एकट्याला सगळे भरावे लागले. पहिला बुडीत निघाला, त्याच्या मालमत्तेतून देण्याच्या निम्मेच मिळतात, म्हणजे त्याच्या हजारापैकी पाचशे. उरलेल्या पाचशेची तूट दुसऱ्यानं आणि तिसऱ्यानं अडीचशे-अडीचशे वाटून घ्यायची. म्हणून तिसऱ्यानं पहिल्याकडून ५०० घ्यावेत आणि दुसऱ्याकडून १,२५०. सातवीच्या वर्गाला घालावं असं हे गणित आहे. मुलांना पोटनियमाची भीती वाटत नाही, गणिताची वाटते एवढंच.

आणखी दोन गोष्टी माझ्या नातवाला ठाऊक नव्हत्या, आणि वाचकांपैकीही पुष्कळांना नसतील. एक, एखादा सहभाडेकरू वारला तर त्याचं देणं संपत नाही. त्याचे वारस उरलेल्यांबरोबर त्या जागी येतात. ते कलम ४२. दुसरी, मालकानं एकाला 'तू जा, तुझं काही नाही' असं म्हणून मोकळं केलं, तरी बाकीचे मोकळे होत नाहीत. आणि गेलेला मालकापासून सुटला, तरी आपल्या साथीदारांच्या देण्यातून सुटत नाही. ते कलम ४४. नुसतं टेबल-खुर्ची टेम्पोत घालून नेली म्हणजे माणूस गाळ्यातून बाहेर पडला असं नव्हे.

न्यायालयांनीही हा एकपणा धरून ठेवला आहे. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ग्यानदेवी आनंद यांच्या खटल्यात ठरवलं की दुकानाचा भाडेकरू वारल्यावर भाडेकरूपण त्याच्या वारसांकडं जातं, भाडेनियंत्रणाचं संरक्षणही त्याबरोबर जातं. हे झालं हक्काचं. मग १९८९ साली एच. सी. पांडे यांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं म्हटलं की वारस अनेक असले तरी भाडेकरूपण एकच, म्हणून त्यांतल्या एकाला दिलेली नोटीस सगळ्यांना पुरते. हे झालं ओझ्याचं. एक भाऊ सुरतेत, एक साताऱ्यात. नोटीस साताऱ्याच्या हातात पडली आणि त्यानं ती खुंटीला लावून ठेवली, तरी सुरतेच्या भावाला 'मला कुठं कळलं' म्हणायची सोय नाही.

तुम्ही म्हणाल, मास्तर, हा म्हणजे निव्वळ सापळा झाला. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती सहकाराच्या इतिहासात स्वच्छ दिसते. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. १९०५ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, धारवाड जिल्ह्यात गदगजवळच्या कणगिनहाळ या खेड्यात संस्था निघाली. ती देशातली पहिली मानतात. त्या कायद्यात खेड्यातल्या संस्थांची जबाबदारी अमर्याद होती. एका सभासदानं बुडवलं तर बाकीच्यांच्या मालमत्तेपर्यंत हात जायचा. जर्मनीत रायफायझन यांनी एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांच्या पतपेढ्या काढल्या, त्यांचा हा नमुना. विचार असा की गरिबाजवळ गहाण टाकायला काही नाही. पण दहा गरीब एकमेकांसाठी उभे राहिले, तर त्या उभं राहण्याचीच पत होते. एकट्याच्या सहीला जी किंमत नाही, ती दहांच्या सह्यांना येते.

पुढं संस्था मोठ्या झाल्या, सभासद एकमेकांना ओळखेनासे झाले आणि ज्याच्याजवळ काही आहे तो अशा संस्थेपासून लांब राहू लागला. गोरवाला समितीनं १९५४ साली मर्यादित जबाबदारीच्या मोठ्या संस्थांची शिफारस केली. म्हणजे पुन्हा तेच. ओळख होती तोवर एकत्र जबाबदारी हे बळ होतं. ओळख गेली की ती धास्ती झाली. नाबार्डनं २००४-०५ पासून संयुक्त देयता गट सुरू केले, त्यात चार ते दहा माणसंच घेतात. या लहान आकड्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

आता ट्रंकेतलं कारण सांगतो.

माझे वडील शिलाईकाम करत. १९६२ साली त्यांनी बाजारपेठेत एक गाळा भाड्यानं घेतला, तो एका मित्राच्या जोडीनं. त्यांना आम्ही भाऊकाका म्हणायचो. मध्ये फळ्यांचा आडोसा. अलीकडं वडिलांचं मशीन, पलीकडं काकांचं वह्या-पुस्तकं आणि किरकोळ मालाचं दुकान. धंदे वेगळे, गल्ले वेगळे. भाडेचिठ्ठी मात्र एक, दोघांच्या नावाची. महिना ४० रुपये, वीस-वीस वाटून. दहा वर्षं कधी कुरकुर झाली नाही.

१९७२ चा दुष्काळ आला. बाजारात गिऱ्हाईक राहिलं नाही. लोक खडी फोडायला जात होते, वह्या कोण घेणार? काका जून महिन्यात दुकान बंद करून मुंबईला गिरणीत गेले. आपल्या भागातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांची संख्या काही थोडी नव्हती, त्यांत एक. वडील आपले वीस रुपये वेळेवर देत राहिले. मालक ते घेई आणि वहीत 'पैकी जमा' असं लिही. त्या 'पैकी'चा अर्थ वडिलांना १९७३ च्या ऑगस्टमध्ये कळला. १४ महिन्यांचे २८० रुपये थकले म्हणून नोटीस आली. नाव एकट्या वडिलांचं.

मी नुकताच शाळेत लागलो होतो. सायकल घ्यायची म्हणून साठवलेले पैसे होते, ते त्यात गेले. पैशाचं इतकं नाही वाटलं, पण त्या वर्षी दिवाळीला काका गावी आले, तेव्हा वडिलांनी त्यांना घरी बोलावून फराळ दिला आणि पैशाचा विषयच काढला नाही, याचा मला भयंकर संताप आला. ते गेल्यावर मी नको ते बोललो. वडील बटण लावत होते, दोरा तोडून म्हणाले, "अरं, त्याला रान हुतं, मला नुसतं मशीन. चिठ्ठीवर त्याचं नाव न्हवतं तर मालकानं मला गाळा दिलाच नसता. दहा वर्षं त्याच्या नावावर खाल्लं, चौदा महिनं माझ्या नावावर गेलं."

मला ते तेव्हा पटलं नाही. अडाणी माणसाचा भाबडेपणा वाटला. असा वाटा मागण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, तीही निघून गेली. पुढं १९८२ चा गिरणी संप झाला आणि काका कायमचे गावी परतले. वडिलांच्या त्याच गाळ्यात, जिथं एकेकाळी स्वतःच्या वह्या मांडल्या होत्या त्याच बाजूला बसून काज-बटणं करू लागले. मी दुकानात गेलो की ते हातातलं ठेवून "या मास्तर" म्हणायचे. मी मान हलवायचो आणि वडिलांशी बोलून निघायचो. अशी बरीच वर्षं. २८० रुपयांसाठी. ते गेले तेव्हाही मी शाळेची परीक्षा पुढं करून गेलो नाही. आज या वयात कुठला हिशोब टोचतो म्हणाल तर तो.

वडिलांना याज्ञवल्क्य ठाऊक नव्हता, कलम ४३ ही नव्हतं. पण सावलीतलं ऊन किती आणि गारवा किती, हे त्यांनी मोजलं होतं. मी फक्त ऊन मोजलं. सहभाडेकरू म्हणजे नुसता दुसऱ्याचं देणं अंगावर घेणारा नव्हे, आधी तो दुसऱ्याची पत वापरणाराही असतो, ही नोंद माझ्या वहीत नव्हती.

तरीही, वडिलांसारखं तोंडी आणि मनात ठेवा, असं मी नातवाला सांगितलं नाही. मन मोठं असणं वेगळं आणि कागद कच्चा असणं वेगळं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. तेव्हा मालकाशी कागद होणारच. मी म्हटलं, तिघांनी आपसात दुसरा एक कागद करा. प्रत्येकाचा वाटा किती, डिपॉझिट कुणी किती दिलं, निघायचं असेल तर किती महिने आधी सांगायचं, गेल्यावर त्याच्या जागी कोण आणि त्याला कोण पसंत करणार, दर महिन्याची पावती तिघांनाही दाखवायची. जुन्या जथ्याला आत कोण येणार ते ठरवायचा हक्क होता, तेवढा तरी तुम्ही ठेवा. आणि जमलं तर मालकालाच विचारा, प्रत्येकाची जबाबदारी आपापल्या वाट्यापुरती असं लिहून देतो का. कायदा तशी मुभा देतो. मालक बहुधा देणार नाही, पण विचारायला काय जातं?

पोरगा म्हणाला, "आबा, मित्रांत असले कागद केले तर त्यांना वाईट वाटेल."

मी म्हटलं, "वाटू दे. आज थोडं वाटेल. नंतर वाटतं ते फार दिवस पुरतं."

परवा तिघंही येऊन गेले. माझ्या ओट्यावर बसून दीड तास वाद घातला आणि दोन पानं लिहिली. शुद्धलेखन मी तपासलं. साक्षीदार म्हणून खाली सही कराल का, असं विचारलं. केली. वडिलांच्या चिठ्ठीवर साक्षीदाराची जागा कोरीच होती, हे मला सही करताना आठवलं.